पहिला घास, पहिला घोट

नाताळ जवळ आला की शहरांतील गृहनिर्माण सोसायट्यांत, कचेऱ्यांत, वसतिगृहांत आणि कोकणच्या किनारपट्टीवरील वाड्यांत सामुदायिक भोजनाचे बेत ठरू लागतात. बिर्याणी कोणी करावयाची, केक कोठून आणावयाचा, पत्रावळी किती लागतील, यांचा निकाल पहिल्याच बैठकीत लागतो. परंतु पाहुणा दारातून आत आल्यापासून पाने मांडली जाईपर्यंतचा जो अर्धापाऊण तास असतो, त्या वेळात त्याच्या हाती काय द्यावयाचे, हा प्रश्न बहुधा शेवटास राहतो. आणि मग वेफर्सची पाकिटे व रंगीत पाण्याच्या बाटल्या आणून तो कसाबसा मिटविला जातो. आजच्या या सणाच्या पानात आम्ही त्या अर्ध्यापाऊण तासाविषयीच लिहिणार आहोत. विषय लहान वाटेल. पण निरनिराळ्या धर्मांची आणि व्रतांची माणसे जेथे एकत्र जेवावयास बसतात, तेथे पंगतीचे बरेवाईट या वेळातच ठरते, असे आमचे मत आहे.

हल्ली ज्यास ‘स्टार्टर’ म्हणतात त्यास नेमका मराठी शब्द नाही. ‘तोंडीलावणे’ हे पानातील अन्नाबरोबर चालते. ‘फराळ’ हा स्वतःच एक लहानसे जेवण असतो. शब्द नसला तरी ही कल्पना आपणांस नवी नाही. गृह्यसूत्रांनी सन्मान्य अतिथीच्या स्वागताचा जो क्रम लावून दिला आहे, त्यात आधी आसन, मग पाय धुण्यास पाणी, मग अर्घ्य, मग आचमन आणि त्यानंतर मधुपर्क येतो. ऋत्विज, स्नातक, राजा, आचार्य, सासरा, काका, मामा हे या मधुपर्काचे अधिकारी, असे आश्वलायन सांगतो. दह्यात मध कालवावा, मध न मिळाल्यास तूप घ्यावे, इतकी साधी ही वस्तू. प्रमाणही ओंजळभराच्या आतलेच. मधुपर्काने कोणाचे पोट भरत नसे, आणि तसा हेतूही नव्हता. ‘तू आलास, तुझी आम्ही वाट पाहत होतो’ हे शब्दांवाचून सांगण्याची ती रीत होती. पोटाची सोय पुढे होणारच असे. मानाची सोय मात्र आधी करावयाची, हा त्या क्रमाचा अर्थ आहे.

ख्रिस्ती परंपरेतही याच विषयावरचे एक सुंदर आख्यान आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात गालीलातील काना या गावच्या लग्नाची कथा येते. लग्नघरी येशू, त्याचे शिष्य आणि त्याची माता मरिया असे सर्व निमंत्रित होते. मेजवानी चालू असतानाच द्राक्षारस संपला. ही गोष्ट मरियेच्या ध्यानात आली आणि तिने ती हळूच आपल्या पुत्राच्या कानावर घातली. तेथे शुद्धीकरणाच्या पाण्यासाठी ठेवलेले सहा दगडी रांजण होते; ते काठोकाठ भरावयास सांगितले गेले, आणि त्यातून काढलेले पेय चाखून भोजनकारभाऱ्याने वरास बाजूस बोलावून म्हटले की, लोक चांगला रस आधी वाढतात आणि हलका मागाहून; तू मात्र उत्तम तो शेवटपर्यंत राखून ठेवलास.

कीर्तनकार या नात्याने आम्ही या आख्यानाकडे पाहतो तेव्हा चमत्काराच्या आधीची घटना आम्हांस अधिक मोलाची वाटते. पेय संपल्याचे प्रथम कोणी पाहिले? जिच्यावर त्या घरचा कसलाही कारभार असल्याचे कथेत सांगितलेले नाही, तिने. तिने गवगवा केला नाही, यजमानास दोष दिला नाही, आणि पाहुण्यांस तर त्या उणिवेची वार्ताही लागली नाही. एका घरची लाज राखली गेली. नाताळच्या पंगतीचे पेयपान ज्यांच्याकडे सोपविलेले असेल त्यांनी या कथेतून इतके घ्यावे: उणे काय पडते आहे हे पाहुण्याच्या आधी आपल्या दृष्टीस पडले पाहिजे, आणि ते त्याच्या नकळत भरून निघाले पाहिजे. आणखी एक गोष्ट विसरू नये. ते रांजण शुद्धीकरणाच्या पाण्याचे होते. म्हणजे त्या लग्नघरासही आपले सोवळेओवळे होते, आणि ज्या पाहुण्यांसाठी ती मेजवानी होती त्यांचे नियमही त्या रांजणांतून सांभाळले जात होते.

दुसरी ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, नाताळचे जेवण हे मुळात एक पारणे आहे. नाताळपूर्वीच्या चार रविवारांचा आगमनकाळ हा ख्रिस्ती संप्रदायात प्रतीक्षेचा आणि आत्मपरीक्षणाचा मानला जातो. केरळातील मलंकरा ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आजही १ डिसेंबरपासून २५ दिवसांचे व्रत पाळतात आणि नाताळच्या दिवशी ते सोडतात. पोलंड देशात नाताळच्या आदल्या संध्याकाळी घरोघर जे भोजन होते, त्यात मांस वर्ज्य असते. आकाशात पहिली चांदणी दिसली की घरची मंडळी मेजाभोवती जमतात. बहुधा १२ पदार्थ मांडलेले असतात. पण त्यांतील कशासही हात लावण्यापूर्वी पिठाची एक पातळ पांढरी चकती एकमेकांस मोडून दिली जाते आणि शुभेच्छा दिल्या जातात. मेजावर एक जागा रिकामी ठेवलेली असते, ती अनपेक्षित पाहुण्यासाठी. पेय म्हणून सुक्या फळांचा काढा असतो. हा देश दूरचा खरा, पण कोल्हापूरकरांस तो अगदीच परका नाही. दुसऱ्या महायुद्धात निर्वासित झालेले सुमारे ५,००० पोलिश स्त्रीपुरुष व मुले १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरनजीकच्या वळिवडे येथील छावणीत राहिली होती.

या पोलिश रीतीत आमच्या मते सामुदायिक भोजनाचे सारे मर्म आहे. पुढे पदार्थ बारा असोत वा बावीस. पहिला घास मात्र एकच, सर्वांचा, आणि तोही दुसऱ्याच्या हातून. एकादशीचे पारणे जे सोडतात त्यांस हे वेगळे समजावून सांगावयास नको. दिवसभराच्या उपवासानंतर द्वादशीस पहिला घास कोणता घ्यावा, तो हलका कसा असावा, याचा विचार आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. मराठी बोलणारा ख्रिस्ती समाज हा या भूमीचाच आहे, हे मुद्दाम सांगण्याची वेळ खरे तर येऊ नये. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) भजन आणि कीर्तन ही आपली साधने ख्रिस्ती उपासनेत नेली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी २०२० साली उस्मानाबाद येथे, म्हणजे आजच्या धाराशिव येथे, भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. अहिल्यानगर भागातील ख्रिस्ती घरांत नाताळास करंज्या, चकल्या, शेव होतात. दिवाळीच्या ताटाशी ते ताट ठेवले तर सहसा ओळखू येणार नाही. गोव्यात नाताळचे गोड पदार्थ ताटात मांडून, वर रुमाल झाकून शेजारी पाठविण्याची जुनी चाल आहे. त्यास ‘कोन्सुआद’ म्हणतात. त्यात नेवऱ्या असतात, तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि काळा गूळ यांचा दोदोल असतो, चण्याच्या डाळीचा व खोबऱ्याचा दोस असतो. मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांत आंबवलेल्या पिठाचे तळलेले फुगे आणि कुलकुल होतात. गवती चहा, दालचिनी, लवंग घालून ऊन केलेले देशी मद्य थोरांस देण्याचीही त्यांची पद्धत आहे. भिंतीवरून पलीकडे जाणारे हे ताट म्हणजे आपल्याकडील सर्वांत जुने सामुदायिक भोजन होय. दिवाळीस ते इकडून जाई, नाताळास तिकडून येई.

हल्लीच्या एकत्र पंगती त्या ताटाच्या जागी आल्या आहेत आणि त्या याव्यात हे चांगलेच आहे. पण त्यांत दोन दोष शिरताना दिसतात. पहिला दोष असा. खिम्याचा पोटॅटो चॉप आणि भाजीचा पॅटिस यांचे तळलेले रूप सारखेच असते. ताटली फिरत येते, पाहुणा हात पुढे करतो, मग विचारतो, ‘यात काय आहे?’ ताटली धरणाऱ्या मुलास ते ठाऊक नसते. तो आत विचारावयास जातो. एवढ्यात चार माणसे त्या पाहुण्याकडे पाहतात, आणि तो ‘राहू द्या, मला भूक नाही’ असे म्हणून हात मागे घेतो. पेयाचेही तेच. लाल रंगाचा पेला पुढे येतो. तो द्राक्षांचा रस आहे की मद्य, हे विचारण्याचा संकोच वाटतो. शेवटी माळकरी, जैन किंवा मुसलमान पाहुणा तासभर रिकाम्या हाताने भिंतीशी उभा राहतो. त्याचा कोणी अपमान केलेला नसतो. तरीही तो पुढच्या वर्षी येत नाही.

दुसरा दोष याच्या उलट, आणि तो सद्भावनेच्या वेषात येतो म्हणून अधिक घातक. ‘सर्वांस चालेल असेच सगळे असू द्या’ असे म्हणत समिती एकेक पदार्थ गाळू लागते. मांस नको, अंडे नको, केकमध्ये रम नको, मद्य तर नकोच नको. शेवटी ज्या घरचा सण, त्या घरच्या सुगरणीने पंधरा दिवस आधीपासून योजून ठेवलेले काहीच ताटात उरत नाही. मग तिने समोसे आणि थंड पेये मागवून आपल्याच सणात पाहुण्यासारखे बसावयाचे काय? दिवाळीच्या फराळातून कोणी आपणांस करंजी काढून टाकावयास सांगितले तर आपणांस जे वाटेल, तेच तिला वाटते. पाहुण्याचे व्रत राखताना यजमानाचा सण रिता करणे हा आतिथ्यधर्म नव्हे.

यावर आमची सूचना अगदी साधी आहे. पहिला घास आणि पहिला घोट हे दोन्ही असे योजावे की, जमलेल्या प्रत्येकास ते न विचारता घेता यावेत. त्यानंतर ज्याचे त्याचे जे असेल ते मोकळेपणाने, नाव लावून, मानाने मांडावे. आरंभ सामाईक असावा; पुढे विविधता असावी.

हा पहिला घास ठरविण्यासाठी आधी पाहुणे कोण आहेत ते जाणून घ्यावे लागते. माळकऱ्यास मांस आणि मद्य वर्ज्य. कित्येकांस कांदालसूणही चालत नाही. जैन पाहुण्यास बटाटा चालत नाही, आणि पुष्कळांच्या ध्यानात येत नाही अशी गोष्ट म्हणजे ओले आलेही चालत नाही, कारण तेही कंदच. मधही अनेक जैन घरांत वर्ज्य असतो. म्हणजे आमचा शास्त्रोक्त मधुपर्कसुद्धा त्या पाहुण्यापुढे ठेवता येणार नाही! मुसलमान पाहुण्यास डुकराचे मांस व मद्य निषिद्ध आहे. जेली बांधण्यासाठी वापरले जाणारे जिलेटिन हे प्राण्यांच्या हाडाकातड्यापासून होते, हे शाकाहाऱ्यांच्या ताटलीत फळांची जेली वाढणाऱ्यास माहीत असले पाहिजे. बेबिंका दिसावयास निरुपद्रवी, पण तिच्यात अंड्यांतील बलक मुबलक असतो. कोणास मधुमेह असतो, कोणास काजूबदामांचा त्रास होतो. ही यादी वाचून घाबरण्याचे कारण नाही. एवढे सारे वगळूनही आपल्या हाती पुष्कळ उरते.

डिसेंबरात बाजारात मटार येतो. त्याचे सारण जिरे, ओले खोबरे, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू आणि चवीपुरती साखर घालून करावे. कांदा, लसूण, आले यांस फाटा द्यावा. आणि त्याच्या लहान करंज्या कोऱ्या तेलात तळाव्यात. करंजी आणि गोव्याची नेवरी या एकाच आकाराच्या भगिनी आहेत. दिवाळीच्या ताटातली आणि नाताळच्या ताटातली अशी ही समान खूण पहिला घास म्हणून सर्वांच्या हाती पडावी, याहून योग्य काय? ज्या दिवशी हिरवी भाजी वर्ज्य असेल अशा तिथीस, म्हणजे काही जैन घरांच्या अष्टमी-चतुर्दशीस, सुक्या खोबऱ्याचे सारण भरावे. जोडीला चण्याच्या डाळीचा दोस किंवा दोदोल यांची लहानशी वडी ठेवावी. ती यजमानघरची असेल, पण तिला कोणाचा नियम आड येणार नाही.

पहिल्या घोटासाठी कोकम आहे. हा आपल्या सह्याद्रीच्या पायथ्याचा, कोकण-गोव्याचा वृक्ष. त्याचे आमसूल हिंदू घरातही आहे आणि ख्रिस्ती घरातही. दुपारचे जेवण असेल तर कोकमाचे सरबत द्यावे. पाक एक वाटी असेल तर पाणी चार-पाच वाट्या लागते, आणि वर जिऱ्याची पूड. मधुमेही मंडळींसाठी साखरेवाचून, नुसत्या मिठाचे आमसुलाचे पाणी वेगळ्या भांड्यात ठेवावे. संध्याकाळचा गारवा असेल तर त्याच कोकमाचे सार, तुपाजिऱ्याची फोडणी देऊन, ऊन ऊन, लहान पेल्यांतून द्यावे. आंबट आणि किंचित खारट रस भूक जागी करतो, हे आयुर्वेदाने सांगितले आहेच. जेवणापूर्वी आल्याचा तुकडा मीठ लावून खावा या उपदेशामागे हाच हेतू आहे. ज्यांस आले चालते त्यांच्यासाठी त्याच्या चकत्या लिंबूमीठ लावून बाजूस ठेवाव्यात.

हे दोन्ही सर्वांस मिळाले की मग दुसरी ताटे बाहेर यावीत. त्यांत रिसोल असोत, चॉप असोत, मिरवेलांत घोळलेले मासे असोत, पनीर असो वा हरभऱ्याच्या सोलाण्याची उसळ असो. येथे नियम इतकाच की, प्रत्येक ताटापुढे ठळक अक्षरांत पाटी असावी. ‘शाकाहारी’ एवढे लिहून भागत नाही. ‘अंडे आहे’, ‘बटाटा आहे’, ‘डुकराचे मांस’, ‘कोळंबी’, ‘काजू आहे’ असे स्पष्ट लिहावे. पाटीमुळे विचारण्याचा संकोच नाहीसा होतो आणि सांगण्याचाही. शाकाहारी व सामिष पदार्थांचे तळण वेगळे, झारे-चिमटे वेगळे, आणि मेजे थोडी अंतरावर असावीत. सामिष मेज कोपऱ्यात लपवू नये; ज्याचा सण आहे त्याच्या अन्नास चोरासारखे वागवू नये. केक दोन करावेत: एक घरच्या रीतीचा, अंड्यांचा व रममध्ये भिजविलेल्या मनुकांचा, दुसरा अंड्यावाचून, मनुका संत्र्याच्या रसात भिजवून केलेला.

मद्य ठेवावयाचे की नाही हा यजमानाचा प्रश्न आहे. ठेवले तर त्याचे मेज वेगळे, पेले वेगळ्या घडणीचे, आणि ते फिरवून न वाढता ज्यास हवे त्याने जाऊन घ्यावे. द्राक्षांचा रस आणि द्राक्षांचे मद्य एकसारख्या पेल्यांत कधीही ओतू नये. घरगुती ‘जिंजर वाइन’ काही घरांत नुसते उकळून केलेले आल्याचे सरबत असते आणि काही घरांत ते आंबवलेले असते. तेव्हा नावावर न जाता करणाऱ्यास विचारून पाटी लावावी. वाहन चालविणाऱ्यांस आग्रह नको. पंगतीत आग्रह हा महाराष्ट्राचा गुण आहे खरा. पण तो जिलबीपुरता ठेवावा, पेल्यापर्यंत नेऊ नये.

वेळेचा विचारही याच सदरात येतो. डिसेंबराच्या अखेरीस मुंबईत सूर्य सायंकाळी सहाच्या सुमारास मावळतो. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या जैन पाहुण्यास रात्री साडेआठचे आमंत्रण देणे म्हणजे न देण्यासारखेच. म्हणून सर्वांचे भोजन २५ तारखेस दुपारी किंवा पुढील रविवारी दुपारी ठेवणे उत्तम. कॅथलिक यजमानांचाही एक नियम पाहुण्यांस ठाऊक असावा: कम्युनियन घेण्यापूर्वी एक तास पाणी व औषध याखेरीज काही घ्यावयाचे नसते. मध्यरात्रीच्या मिस्सेस निघालेल्या शेजाऱ्यास दारात अडवून ‘एक तरी करंजी खाच’ असे म्हणणे प्रेमाचे असले तरी अडचणीचे आहे. शिवाय पंचांग पाहावे. २०२४ साली नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरास, मार्गशीर्षातील गुरुवार आणि सफला एकादशी हे दोन्ही आले होते. २०२३ साली त्याच तारखेस दत्तजयंती होती. अशा वर्षी दुसऱ्या दिवसाची पंगत ठरविली तर निम्मे शेजारी उपवासाचे असणार. साबुदाण्याची खिचडी नाताळच्या मेजावर ठेवण्यास आमची हरकत नाही, पण दिवस बदलणे अधिक सोपे.

आता प्रमाण. भूक चाळवावी, मारू नये. पोटाचे दोन भाग अन्नासाठी, एक द्रवासाठी आणि एक मोकळा ठेवावा, असे वैद्यक सांगते. त्यातील अन्नाचा भाग जर चॉपनेच भरला तर पुढच्या पानाचा अवमान होतो. जेवण तासाभरात मांडावयाचे असेल तर दर माणशी एकूण चार-पाच लहान नग पुरे. तीस माणसे धरली तर माणशी दोन याप्रमाणे ६० आणि वर दहा अशा ७० करंज्या कराव्यात; त्यांस शेंगांसह दोन किलो मटार लागेल, कारण सोलल्यावर दाणे किलोभराहून थोडे कमीच भरतात. दुसऱ्या ताटांतील तीन प्रकार माणशी एकेक. सरबत २०० मिलिलिटरच्या पेल्यातून माणशी दोनदा धरले तर १२ लिटर होते. सार लहान पेल्यातून एकदाच द्यावयाचे तर तीन लिटर पुरते. साधे पाणी याखेरीज, आणि ते मुलांच्या हातास लागेल अशा उंचीवर.

काम वाटताना ‘ज्याला जे आवडेल ते त्याने आणावे’ असे ठरवू नये. तसे केले की पाच ढोकळे येतात आणि पेय कोणीच आणत नाही. दोन घरांनी करंज्या, एका घराने सरबत व सार, यजमानघराने आपले नाताळचे दोन पदार्थ, एकाने पाट्या, पेले व बर्फ, अशी वाटणी लिहून काढावी. आणि एका व्यक्तीवर कसलेही काम सोपवू नये. तिने फक्त पाहावे. कोणाचा हात रिकामा आहे, कोणते भांडे तळाशी आले आहे, कोण भिंतीशी उभा आहे. काना येथील लग्नात मरियेने जे केले, ते या व्यक्तीने करावयाचे.

आमचे काही जुने वाचक विचारतील की, कीर्तनकाराने दुसऱ्याच्या सणाच्या खाण्यापिण्याची एवढी उठाठेव का करावी? त्यांस आम्ही पैठणची कथा सांगू. एकनाथमहाराजांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक चालू होता. त्या अन्नाचा सुवास रस्त्याने जाणाऱ्या, त्या काळी अस्पृश्य मानलेल्या कुटुंबास आला आणि त्यांची भूक जागी झाली. कथा सांगते की, नाथांनी आणि गिरिजाबाईंनी त्यांस आत बोलावून तेच अन्न आधी त्यांस वाढले. गाव रागावले, पण पितर तृप्त होऊन गेले. ज्याची भूक आपल्या चुलीने जागी केली त्याचा त्या अन्नावर पहिला हक्क, हा नाथांचा न्याय आहे. आज एका जिन्यावर चार धर्मांची घरे असतात. नाताळच्या आदल्या रात्री कुलकुलांच्या तळणाचा वास चारही दारांत जातो, जसा आश्विनात चकलीचा जातो. मग आत बोलावणे हे ओघानेच आले, आणि बोलावल्यावर त्यास खाता येईल असे आधी देणे हेही.

लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त खाण्यापिण्याच्या सोवळ्याशी आपण किती काळ झगडलो ते प्रांजळपणे लिहिले आहे. पतीने धर्मांतर केल्यावरही त्यांचे सोवळे एका दिवसात सुटले नाही. ते त्यांच्या आतून, त्यांच्या वेळेने सुटले. त्या पुस्तकातून आम्ही हे शिकलो की, कोणाचा नियम बाहेरून ओढून काढता येत नाही, आणि तो पाळणाऱ्यास हिणवूनही काही साधत नाही. ज्याने त्याने आपले व्रत पाळावे. आपण त्याच्यासाठी पंगतीत जागा ठेवावी.

या वर्षीच्या नाताळच्या बैठकीत म्हणून आमची विनंती आहे की, बिर्याणी आणि केक यांच्या आधी पहिला प्रश्न असा घ्यावा: ‘आपल्याकडे येणाऱ्यांपैकी कोणास काय चालत नाही?’ त्याचे उत्तर कागदावर उतरवून मग करंज्यांचे पीठ भिजवावे. सर्व ख्रिस्ती बंधुभगिनींस आणि त्यांच्या पंगतीस जाणाऱ्या सर्व शेजाऱ्यांस आमच्या नाताळच्या हार्दिक शुभेच्छा.